बाईच्या ताटात काय होतं?

माझ्या थोरल्या आपाचं पहिलं मूल चौथ्या दिवशी गेलं. त्याच्या पाठीचा कणा नीट मिटलेला नव्हता. कुणी ग्रहणाला दोष दिला, कुणी नजरेला. शेवटी तो आपाच्याच पदरात पडला. असं का होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी एका इंग्रज डॉक्टरीणबाईंची हकिकत वाचताना कळलं. आणि ती हकिकत घडली होती आपल्याच मुंबईत!

ल्यूसी विल्स त्यांचं नाव. १९२८ साली त्या परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. बाळंतपणात बायका का दगावतात, याची चौकशी तिथं डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या देखरेखीखाली चालली होती. गिरणगावातल्या कितीतरी बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी होत, आणि ज्या उरत त्या आकाराने फुगलेल्या असत.

विल्सबाईंनी नुसतं रक्त तपासलं नाही. मेहता आणि तळपदे या सहकाऱ्यांसोबत त्यांनी बायकांच्या राहणीची आणि जेवणाची पाहणी केली. गरीब मुसलमान बायकांचं जेवण सर्वांत निकस होतं आणि हा आजारही त्यांच्यातच सर्वाधिक होता. हे वाचलं तेव्हा मला सोलापुरात गिरणीच्या चाळीत संसार केलेली माझी दादी आठवली. सगळ्यांचं झाल्यावर ती जेवायला बसायची. तोवर पालेभाजी संपलेली असायची. उरायची भाकरी आणि तळाचा रस्सा.

उपाय सापडला तो मार्माइटमध्ये. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून केलेला हा स्वस्त, काळसर अर्क. तो दिल्यावर बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली विल्सबाईंनी हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात नेमकं काय आहे, हे कळलेलं नव्हतं. म्हणून त्याला ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ साली पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळालं. विल्सबाईंचा घटक तो हाच. दादीच्या ताटातून जे निसटत होतं, तेच हे!

गोष्ट आईच्या रक्तापाशी थांबली नाही. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू एकाच नळीतून घडतात. ही नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आधी असं मूल झालेल्या मातांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल दिल्यावर हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

पण एका गोळीनं सगळं भागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. पुष्कळ जणींच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. हे दूध, अंडी, मांसमासळी यांतून मिळतं. ज्या मातांमध्ये ते फार कमी होतं, त्यांची मुलं नवव्या वर्षी एकाग्रतेच्या आणि स्मरणाच्या काही चाचण्यांत मागे पडली.

मग भरमसाट गोळ्या घ्याव्यात का? तसंही नाही. हल्ली अँटिऑक्सिडंटचा मोठा गाजावाजा आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा आजार टळावा म्हणून ब्रिटनमध्ये सी आणि ई जीवनसत्त्वांचे मोठे डोस देऊन पाहिले. २००६ साली निष्कर्ष आला: आजार टळला नाही, उलट कमी वजनाची बाळं जास्त जन्मली.

म्हणजे योग्य द्रव्य, योग्य माप आणि योग्य वेळ, तिन्ही जुळावी लागतात. आपली चूक होते ती वेळेत. दिवस गेल्याचं कळून दवाखान्यात नाव नोंदवेपर्यंत ते २८ दिवस उलटून जातात. म्हणून मूल हवं असं ठरलं, की आधीच डॉक्टरांना विचारून फॉलिक आम्ल सुरू करायला हवं.

आपाचं मूल त्या गोळीनं वाचलंच असतं, असं छातीठोकपणे कुणी सांगणार नाही. पण दोष तिचा नव्हता. हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. नंतर नातीचं लग्न ठरलं, तेव्हा आपा स्वतः तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. आता घरात मेथी-चुक्याची भाजी झाली, की आपा पहिल्यांदा नातीचं ताट वाढते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)