वारा फिरेपर्यंत

आरेत पिकनिक पॉइंटला उतरा आणि सालं मागे टाकत चला. मेट्रोची कारशेड जाते, चित्रनगरीतले खोटे राजवाडे जातात. 1949 च्या दूध वसाहतीचे गोठे जातात. शेणाचा वास तेवढा जरा रेंगाळतो. 1860 च्या मागे विहार तलाव ओसरून नुसती दरी उरते. पुढे साडेआठ शतकं झाडीच झाडी.

थांबा. 1009 साल, ऑक्टोबर. उत्तर कोकणात शिलाहारांचं राज्य आहे. पाऊस उघडलाय, गवत छातीला लागतंय, ऊन मानेला चावतंय. तुम्ही इराणच्या बेहदीनांच्या, म्हणजे जरथुश्त्रींच्या जथ्यात आहात आणि कान्हेरीचा डोंगर चढताय. (आरेतली ही वाट मी काढून दिलेली, माणसं आणि तारखा मात्र दगडावरच्या आहेत.)

वर पोहोचल्यावर आधी पोढीतलं, म्हणजे कातळात कोरलेल्या टाक्यातलं, पाणी ओंजळीनं पिता, इतकं गार की दात शिवशिवतात. बौद्ध भिक्खू इथल्या लेण्यांत वर्षावासाला राहायचे. पावसाळाभर भटकंती बंद. धर्म परका, पण ओसरीवर कुणी हटकत नाही. 10 तारखेला आजच्या नव्वदाव्या लेण्यात छिन्नी चालते. पहलवी लिपीत त्यांच्या कालगणनेतलं यझदगर्दी सन 378, मग माहअय्यार, पंजबुख्त, बापांच्या नावांसकट सगळे.

झालं, निघायचं? पण गलबत पश्चिमेला न्यायचं तर ईशान्येचा वारा हवा, आणि तो अजून धरलेला नाही. पहिले काही दिवस तुम्ही मालाचे, उधारीचे हिशेब करता. मग मागे राहिलेल्या आईचं वय मोजता. मग तेही संपतं. बंदरावर बसून करणार काय?

24 नोव्हेंबरला तुम्ही पुन्हा त्याच लेण्यात. गवत वाळलंय. आता मूर्तींपुढे कुणी रेंगाळत नाही. सगळे कट्ट्यावर पाय सोडून बसतात, कुणी जुनं भांडण उकरून मिटवून टाकतं. बहुतेक तीच नावं दुसऱ्यांदा कोरली जातात. दहा दिवसांत सात देश उरकणाऱ्या आजच्या प्रवाशाला, पाहिलेलंच पुन्हा पाहा म्हटलं, तर तो टूरवाल्याकडे पैसे परत मागेल.

वाऱ्यासाठी थांबले हा माझा कयास. पण 1021 साली तिथेच तिसरा लेख कोरला गेला, त्याची तारीख 30 ऑक्टोबर. म्हणजे वाऱ्यानं पुन्हा कुणाला तरी अडकवून ठेवलेलं असणार.