प्रतिपक्षाचा ग्रंथ

मिशनरी महाविद्यालयांविषयी आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात: तेथे इंग्रजी उत्तम शिकवले जाते, आणि ती धर्मांतराची केंद्रे होती. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाचा इतिहास पाहता ही दोन्ही मते आम्हांस अपुरी वाटतात.

या संस्थेचा पाया १८३२ साली स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी घातला. धर्मप्रसाराचा हेतू त्यांनी कधी लपवला नाही. १८३९ मध्ये दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि बहुसंख्य मुलांनी शाळा सोडली. समाजाचा संशय निराधार नव्हता.

परंतु ज्याचे खंडन करायचे, त्याचे ग्रंथ आधी वाचावे लागतात. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये 'हिंदुधर्मस्थापना' लिहून मिशनऱ्यांना उत्तर दिले. पुढच्याच वर्षी विल्सन यांचे प्रत्युत्तर छापून आले. वादासाठी सुरू झालेले हे अध्ययन वादापुरते उरले नाही. १८५० मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांवर विल्सन यांचा जो विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला, त्यात आमचे वेरूळ आणि अजिंठाही आहेत.

याच महाविद्यालयातून विसाव्या शतकाच्या आरंभी पांडुरंग वामन काणे संस्कृत घेऊन पदवीधर झाले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. १९३० ते १९६२ या काळात त्याचे पाच खंड निघाले. त्यांच्या विद्वत्तेचे श्रेय केवळ महाविद्यालयाला देणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि स्वधर्माचे ग्रंथ भक्तीने नव्हे, तर पुराव्याने वाचावेत, ही शिस्त त्यांच्या लेखनात पानोपानी दिसते.

तिचा उपयोग कोणाला झाला? डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात वैदिक काळातील गोमांसभक्षणाची चर्चा करताना काण्यांच्या 'धर्मशास्त्रविचार' या मराठी पुस्तकाचा आधार घेतला. भूमिका भिन्न, पण पुरावा दोघांनाही मान्य. त्यानंतर दोनच वर्षांनी आंबेडकरांनी आमच्या शहरात महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंद, म्हणजे भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे, नाव मिळाले.

मानव्यविद्यांचा उपयोग काय, असे पालक आम्हांस विचारतात. आपल्याला न पटणारा ग्रंथ शेवटपर्यंत नीट वाचता येणे, हे आमचे उत्तर आहे. ही विद्या कोणत्याही एका धर्माच्या मालकीची नाही. मात्र ज्या वर्गात सोयीचेच ग्रंथ नेमले जातात, तेथे ती टिकत नाही.