लॅपटॉप चोरीला गेल्यास...

चोरीला गेलेला लॅपटॉप परत मिळणे बहुतांशी चोरीपूर्वी केलेल्या तयारीवर अवलंबून असते. हरवलेला मोबाइल आयएमईआय क्रमांकावरून 'सीईआयआर' यंत्रणेमार्फत बंद करता येतो. बहुतेक लॅपटॉपना असा क्रमांक नसतो. त्यामुळे यंत्राच्या तळाशी व खोक्यावर छापलेला सीरियल नंबर टिपून बिलासोबत जपून ठेवावा. सापडलेला लॅपटॉप आपलाच असल्याचा तो पुरावा ठरतो.

विंडोजमधील 'फाइंड माय डिव्हाइस' सुविधा आधीच सुरू केलेली असली, तरच लॅपटॉपचा ठावठिकाणा कळू शकतो. त्यासाठी तो इंटरनेटला जोडला जाणेही आवश्यक असते. 'बिटलॉकर' किंवा मॅकवरील 'फाइलव्हॉल्ट' वापरल्यास हार्डडिस्क काढून अन्य संगणकाला जोडली तरी माहिती वाचता येत नाही. नुसत्या लॉगिन पासवर्डने हे साधत नाही.

चोरी होताच दुसऱ्या संगणकावरून ईमेल व बँक खात्यांचे पासवर्ड बदलावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. ती ऑनलाइन दिल्यास तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. लॅपटॉपचे ठिकाण कळल्यास स्वतः तेथे न जाता पोलिसांना कळवावे.