रामेश्वरी देव कुठं होता?

काशीची गंगा न्यायची, रामेश्वराला घालायची आणि तिथली वाळू आणून प्रयागला संगमात सोडायची. तेव्हा यात्रा पुरी झाली म्हणायचं, असं वाडवडील सांगत आले.

रामेश्वर हे बेट. 1914 साली पांबनच्या खाडीवर रेल्वेचा पूल झाला, त्याआधी यात्रेकरू नावेतून पलीकडे जात. आपली राजूरची मंडळी बल्लारशहाला मद्रासची गाडी धरून निघाली, त्यात चुनाभट्टीवर राबलेली एक म्हातारी माय होती. तांब्यात गंगा, वर फडकं बांधलेलं. वाटेत मी सांगितलं, 22 डिसेंबर 1964 च्या रात्री इथं वादळ आलं. पांबनहून धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर लाटेखाली गेली, आतलं एकही माणूस वाचलं नाही. धनुष्कोडी गाव उजाड झालं. पूलही मोडला, तो 46 दिवसांत पुन्हा उभा केला.

माय म्हणाली, "महाराज, देवाच्या दाराशी माणसं बुडाली. तवा देव कुठं होता?"

श्रोतेहो, इतकी वर्षं कीर्तन करतो, पण मला उत्तर आलं नाही. कर्माचा भोग म्हणावं, तर जीभ वळेना. त्या गाडीत लहान लेकरंही असतील.

दुसऱ्या दिवशी धनुष्कोडीला गेलो. पडकं चर्च, रेल्वे स्टेशनच्या भिंती. दोन्हीकडं खारा समुद्र. तिथं कोळ्यांच्या बाया वाळूत हातानं खड्डा करतात, अन् त्यात गोडं पाणी झिरपतं! एकीनं वाटीनं पाणी काढून आमच्या मायला पाजलं. भाषा दोघींनाही कळेना. तहान कळली.

तिथं मला नाथ आठवले. पैठणचे एकनाथ महाराज कावड घेऊन रामेश्वरला निघालेले. वाटेत वाळूत एक गाढव तहानेनं तडफडत होतं. नाथांनी गंगा त्याच्या तोंडात ओतली आणि रामेश्वर इथंच पावला म्हणून समाधान मानलं. आणि 1897 च्या जानेवारीत स्वामी विवेकानंदांनी याच रामेश्वराच्या देवळात काय सांगितलं? गरीब, दुबळा, आजारी यांच्यात शिव पाहा. तीच खरी पूजा.

मग देवळात 22 तीर्थांची स्नानं झाली. भोवती समुद्र, पण विहिरींचं पाणी गोडं. मायनं गंगा अर्पण केली. बाहेर येऊन म्हणाली, "महाराज, तवा कुठं होता ते काही समजलं नाही. पण काल वाटीत होता."

मायबापहो, तिचा प्रश्न मी अजून सोडवला नाही, तुम्हीही घाईनं सोडवू नका. बुडालेल्यांचं पाप मोजत बसू नका. वैशाखात आपल्या राजूरला ऊन कसं तापतं, ठाऊकच आहे. दारी कोणी तहानलेला आला, तर जात विचारू नका, तांब्या पुढं करा. रामेश्वर लांब आहे. तहानलेला जवळ आहे.

बोला, जय जय रामकृष्ण हरी!