युरियेज: युरियातून अमोनिया सोडणारे विकर

युरियातील ४६ टक्के नत्र पिकाला सहसा थेट मिळत नाही. आधी युरियेज हे विकर (एन्झाइम) त्याचे अमोनिया व कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटन करते. हे विकर जमिनीतील जिवाणूंत, पिकांच्या अवशेषांत आणि कच्च्या सोयाबीनमध्येही भरपूर असते. त्यामुळे जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा त्याच्याशी शेतात आणि गोठ्यात असा दुहेरी संबंध येतो.

शुद्धीकरण कसे झाले?
अबईच्या जातीतील एका शेंगवर्गीय पिकाच्या बियांचे पीठ पातळ अॅसिटोनमध्ये मिसळून गाळले आणि गाळलेला द्रव थंडीत ठेवला, तेव्हा त्यात युरियेजचे स्फटिक तयार झाले. अमेरिकेतील जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये केलेल्या या प्रयोगातून विकर हे प्रथिन असल्याचे दिसले. १९४६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

क्रियास्थळ
विकराच्या ज्या भागात प्रत्यक्ष विघटन होते, त्याला क्रियास्थळ म्हणतात. युरियेजच्या क्रियास्थळात निकेल असल्याचे १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियात आढळले. तेथे निकेलचे दोन अणू असतात. युरियाचा रेणू त्यांना चिकटला की शेजारचे पाणी त्याला फोडते. वनस्पतीतील युरियेजची पहिली त्रिमितीय रचना मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. एनबीपीटी हे युरियेज-रोधक याच निकेलला जखडून विघटन लांबवते. निंबोळीचे आवरण मुख्यतः पुढच्या टप्प्यावर, म्हणजे अमोनियमचे नायट्रेट होण्यावर काम करते. त्यामुळे नीमयुक्त युरियाही उघड्यावर टाकल्यास हवेत उडून जाऊ शकतो.

शेतात काय करावे?
- आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त, विम्लधर्मी जमिनीत अमोनिया जास्त उडतो. ओलसर जमिनीवर युरिया फेकून देऊ नये.
- कपाशी व मक्याला युरिया झाडाच्या बाजूने ५ ते ७ सेंमी खोल देऊन मातीने झाकावा किंवा लगेच पाणी द्यावे.
- मात्रा विभागून द्यावी. ठिबक असल्यास त्यातून द्यावी.

गोठ्यातील धोका
युरियायुक्त पशुखाद्य किंवा युरिया प्रक्रिया केलेला चारा देताना कच्चे सोयाबीन देऊ नये. त्यातील युरियेजमुळे अमोनिया झपाट्याने सुटून जनावरास विषबाधा होऊ शकते. थरथर, तोंडाला फेस, पोटफुगी किंवा धाप दिसल्यास तातडीने पशुवैद्यकास बोलवावे. चांगले भाजल्यावर हे विकर निष्क्रिय होते.

शेतीशाळेसाठी प्रयोग
दोन बाटल्यांत चमचाभर युरिया व थोडे पाणी घ्यावे. एकीत कच्च्या, तर दुसरीत चांगल्या भाजलेल्या सोयाबीनचे पीठ टाकावे. हळद लावलेला ओला कागद द्रवाला न लागता आत लटकवून झाकण लावावे. कच्च्या सोयाबीनच्या बाटलीतील कागद थोड्या वेळाने लालसर होतो. हाच तो सुटलेला अमोनिया. बाटलीत तोंड घालून वास घेऊ नये आणि मिश्रण जनावरांपासून दूर पुरावे.