शाळेचा दर्जा कोणी मोजायचा?

श्रोतेहो, साहेब तपासणीला यायचे म्हटले की शाळेत काय धावपळ उडते, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. गैरहजर मुलांना घरोघर जाऊन बोलावणे, फळ्यावर सुविचार, चुणचुणीत मुले पुढच्या ओळीत! शिक्षक मंडळी हे ऐकून मनातल्या मनात हसतील. पण या धावपळीमागे दीडशे वर्षांचा वाद आहे.

1862 साली इंग्लंडात रॉबर्ट लो या मंत्र्याने एक नियम काढला. जेवढी मुले पास, तेवढे अनुदान. तीनचार वर्षांत ही पद्धत मुंबई इलाख्यात अनुदानित शाळांना लागू झाली. आपला पनवेल तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता, कुलाब्यात तो आला 1883 साली. म्हणजे ठाण्याच्या शाळांचे नियम तेच पनवेलचे.

हिशेब दिसायला मोठा चोख. तपासनीस येई, एकेका मुलाचे वाचन, लेखन, गणित पाही आणि पास झालेल्यांची डोकी मोजी. सरकारी पैसा खर्च होतो, तर त्याचे फळ दिसायला नको का? प्रश्न रास्तच होता. पण मास्तरही माणूसच की! ज्याचे पैसे मिळतात ते घोकून घ्यायचे, बाकीचे राहिले तर राहिले. मागे पडणारे पोर म्हणजे बुडीत खाते. इंग्लंडात मॅथ्यू अर्नोल्ड हा स्वतः शाळातपासनीस होता. या पद्धतीने शिकवणे यंत्रासारखे होते, अशी तक्रार त्यानेच केली.

आपल्याकडे 1882 साली हंटर साहेबांचे शिक्षण कमिशन आले. त्याच्यापुढे पुण्याहून जोतीराव फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी आपले निवेदन दिले. त्यातला प्राथमिक शाळांविषयीचा भाग प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावा, असे मला वाटते. शाळेचा दर्जा वाढवायचा तर आधी मास्तर कोण आहे, तो काय खातो, हे बघा, असा त्यांचा रोख. खेड्यातल्या मास्तराला 12 रुपयांहून कमी पगार नको, मोठ्या गावात 15 किंवा 20 द्या. त्याला शिक्षकीचे रीतसर शिक्षण हवे. शक्य तोवर तो शेतकरी वर्गातला असावा, म्हणजे मुलांत मिसळेल आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला लाजणार नाही.

गंमत अशी की जास्त मुले पास करणाऱ्या मास्तराला बक्षिसी द्यावी, असे जोतीरावही म्हणतात. मात्र ती पगाराखेरीज, वरची! पोटाला पुरेसे आधी, शाबासकी मागून. अनुदानाच्या नियमात नेमके उलटे होते. दोन्हींत पासाची मोजणी आहे खरी, पण मला हा फरक फार मोठा वाटतो.

काय शिकवावे? मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, आरोग्य, नीती आणि शेती. शेतीच्या धड्याबरोबर नमुन्याची लहानशी शेतीही त्यांनी सुचवली. (आज पनवेलच्या आसपास अशी शेती करायला मोकळा तुकडा शोधावा लागेल, ती गोष्ट निराळी!) आणि तपासणी? डेप्युटी वर्षातून एकदा धावती भेट देतात, तिचा काडीचा उपयोग नाही. तीन महिन्यांनी तरी एकदा या, आणि मधूनमधून न कळवता या, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

कमिशनने ऐकले थोडे, सोडले पुष्कळ. पासावर अनुदानाची पद्धत आणखी वीसएक वर्षे चालली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मावळली.

पण पास होण्याआधी पोर शाळेत यायला तर हवे! भातलावणीच्या दिवसांत आपल्याकडे वर्ग कसे ओस पडत, ते जुन्या मास्तरांना विचारा. या दुखण्यावर त्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, उत्तरेच्या टोकाला, एक औषध निघाले. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारल्यांची पोरे दिवसभर गुरांमागे. शाळेत येणार कशी? बाईंनी त्यांच्या नावापुढे गैरहजेरी मांडली नाही, शाळाच कुरणावर नेली. तिचे नावही कुरणशाळा. खडू-फळ्याची वाट न पाहता पाने, खडे, बिया, शिंपले हेच शिकवण्याचे साहित्य केले.

जोतीरावांच्या सांगण्याप्रमाणे एखादा तपासनीस तिथे न कळवता गेला असता, तर त्याला पुढची ओळ आणि मागची ओळ काही सापडली नसती. गुरे चरत असती, आणि शेजारी पोरे बिया मोजत बसलेली असती.