नोकर कोण, ठेकेदार कोण?



मागल्या महिन्यात आमच्या कार्यालयात एक तरुण आला. घरोघर पार्सले पोचवतो; सकाळपासून रात्रीपर्यंत अंगात एकाच कंपनीचा सदरा. हातात आयकराचा कागद होता. त्यात त्याच्या कमाईतून शेकडा एक रुपया कापलेला, आणि कारण लिहिले होते : ठेकेदारास दिलेली रक्कम. तो म्हणाला, "काका, मी ठेकेदार कधी झालो?"

आम्ही शाळा फारशी शिकलो नाही. कायदा शिकलो तो कोर्टाच्या बाकांवर बसून आणि निकालपत्रे पुनःपुन्हा वाचून. त्या वाचनातून या प्रश्नाचा जो इतिहास आमच्या हाती लागला, तो आज आपल्यापुढे ठेवतो.

१८५७ च्या उठावानंतर रिता झालेला खजिना भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० साली या देशात आयकर आणला. तेव्हापासूनच पगार-पेन्शनचे खाते निराळे आणि धंद्या-व्यवसायाचे निराळे. १९६१ च्या आयकर कायद्यानेही हा भेद कायम ठेवला. पगारदाराचा कर मालक पगारातूनच कापून भरतो. धंदेवाल्याला मिळकतीतून खर्च वजा करता येतो. १९७२ पासून ठेकेदाराला पैसे देतानाही कर कापून घेण्याची तरतूद झाली. कर दोघांनाही आहे. मोजण्याची रीत तेवढी वेगळी.

मग भांडण कशाचे? तर ज्याला जे नाव सोयीचे, ते तो घेतो, याचे. १९५४ साली हैदराबाद संस्थानातल्या एका गिरणीच्या एजंटांचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. नफ्यावरचा जादा कर लागू नये म्हणून एजंट म्हणत होते, आम्ही तर गिरणीचे नोकर! न्यायालयाने ते मानले नाही. त्यांचे काम हा धंदाच ठरला. म्हणजे लक्षात घ्या, कर टळणार असेल तेव्हा मोठी माणसेही नोकर व्हायला तयार होतात. आणि भरपगारी रजा द्यायची वेळ आली की विडी वळणारा गरीब माणूस एकाएकी स्वतंत्र धंदेवाला ठरतो!

१९५६ साली ध्रांगध्रा येथील मीठ पिकवणाऱ्या अगरियांना न्यायालयाने कामगार मानले. ते मदतीला स्वतःची माणसे घेत, तरी काम कसे व्हावे यावर मालकाची देखरेख होती. १९६० च्या डिसेंबरात नागपूरचे विडी कामगार जिंकले. त्यांना येण्याजाण्याची मोकळीक होती. पण दुपारनंतर येणाऱ्याला काम मिळत नसे, आणि खराब विड्या नाकारण्याचा हक्क मालकाचा होता. पुढे वर्षही उलटले नाही, तोच १९६१ च्या ऑक्टोबरात सिन्नरचा विडी कामगार हरला. वाद होता रजेच्या पगाराचा. त्याच्यावर वेळेचे बंधन नाही, रोज इतक्या विड्या वळल्याच पाहिजेत असेही नाही, म्हणून कारखाने कायद्याखाली तो कामगार नव्हे, असे दोन न्यायमूर्ती म्हणाले; न्या. सुब्बाराव यांनी विरुद्ध मत दिले. नागपूरची विडी आणि सिन्नरची विडी धुराला सारखीच. पण वळणाऱ्यांचे नशीब निराळे!

हा घोळ सोडवला तो १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने. घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा त्यात आली. १९७३ साली नगावर शिवणाऱ्या शिंप्यांनाही न्यायालयाने दुकानाचे नोकर मानले. कायदे आपोआप होत नाहीत. हरलेल्या खटल्यांच्या राखेतूनही ते उगवतात.

आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' हे नाव आले आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली आहे. परंतु मालक-नोकर या रूढ नात्याच्या बाहेरचा माणूस, अशीच त्याची व्याख्या आहे. नाव मिळाले, नाते मिळाले नाही.

त्या तरुणाला आम्ही सांगितले, "बाबा, विवरणपत्र भर. पेट्रोल-दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेव. उत्पन्न करपात्र नसेल, तर कापलेला रुपया परत माग. पण हा कागद म्हणजे निवाडा नव्हे. दर कोण ठरवतो, काम कोण बंद करतो, याची रोज वहीत नोंद कर." तो वही घेऊन येऊ लागला आहे. परवा सोबत आणखी चौघे होते.